सव्वादोनचा हात

बाईचा हात न धरता, नुसता लांबून बघून मी तिच्या बांगडीचं माप सांगत असे. रस्त्याच्या पलीकडून डोक्यावर घागर घेऊन चाललेली बाई दिसली तरी मनात आकडा उमटायचा, सव्वादोन, अडीच, पावणेतीन. चुकायचा नाही. या गोष्टीचा मला गर्व होता आणि तो मी कधी लपवलाही नाही. कारंजातल्या आमच्या दुकानात बायका मुद्दाम पैज लावायच्या, मी माप सांगायचो, बांगडी भरून दाखवायचो आणि त्या हसत हरायच्या. पुढं आयुष्यात मी एकाच हाताचं माप चुकलो. तो हात माझ्या मुलीचा होता. त्या चुकीची ही हकिकत आहे. आणि ती चूक झाली कशी हे सांगायचं, तर मी चाळिशी उलटल्यावर धंदा सोडून नर्स झालो तिथून सुरुवात करावी लागेल.

होय, नर्स. पुरुष माणूस. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. तेव्हा सगळा बाजार हसला होता, त्यामुळं मला आता त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण कमी.

आम्ही कासार. कारंजात वडिलांचं छोटं दुकान होतं आणि बाजाराच्या दिवशी बांगड्यांची पेटी घेऊन मी केनवड, मंगरूळपीर, वाशीम असा फिरायचो. दुसरी लढाई लागायच्या तीन-चार वर्षं आधीची ही गोष्ट. मंगरूळपीरला दर्ग्याच्या वाटेवर एका निंबाखाली माझी बैठक असायची आणि शेजारी एक म्हातारे मण्यार, म्हणजे मुसलमान बांगडीवाले, बसायचे. मी त्यांना चाचा म्हणायचो. आम्ही एकमेकांची गिऱ्हाइकं खुशाल पळवायचो आणि दुपारी एकजण जेवायला उठला की दुसरा त्याच्या पेटीवर नजर ठेवायचा. वीस वर्षं असं चाललं.

बांगडी भरायला जोर लागतो असं लोकांना वाटतं. जोर मुळीच लागत नाही. बाई घाबरली की हात लाकडासारखा ताठ होतो, अंगठ्याच्या बुडाचं हाड उभं राहतं आणि मग कितीही साबण लावा, बांगडी तिथंच अडते. हात मऊ पडायला मन दुसरीकडं जावं लागतं. त्यासाठी वडिलांनी मला एक युक्ती शिकवली होती. बांगडी त्या हाडाशी आली की नेमक्या त्याच क्षणी विचारायचं, "माहेरी कोण कोण हाये, बाई?" बाई सांगू लागते. माय हाये, बाप हाये, दोन भाऊ, एक कपिला गाय. तिसऱ्या नावापर्यंत बांगडी मनगटात गेलेली असते. हा प्रश्न मी किती हजार बायकांना विचारला असेल देव जाणे. उत्तर मात्र कधी ऐकलं नाही. माझं सगळं लक्ष तिच्या हाताकडं असायचं.

बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला वाकून नमस्कार करते. तो माणसाला नसतो, त्याच्या हाताला असतो. म्हणून हाताचे काही नेम आमच्या घरात कडक पाळले जात. भरताना बांगडी 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. मयताला खांदा दिला तर तेरा दिवस पेटी उघडायची नाही. आणि घरातल्या मुलीच्या लग्नाचा हिरवा चुडा तिच्या बापानं स्वतःच्या हातानं भरायचा. माझ्या बहिणींचा वडिलांनी भरला होता, आत्याचा आजोबांनी. मला एकच मुलगी. ती पाळण्यात असताना मी तिची मूठ दोन बोटांत धरून बायकोला सांगितलं होतं, "हा हात सव्वादोनावर थांबीन." पंधराव्या वर्षी तो तिथंच थांबला. बाहेरगावाहून घरी आलो की मी दारातूनच "सव्वादोन!" असा पुकारा करायचो आणि ती आतून हात वर करून दाखवायची. आमचा दोघांचा तो खेळच होता.

मग वडिलांना अर्धांगवायू झाला. अकरा महिने ते खाटेवर होते. त्यांचं अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, भांडं देणं हे सगळं मी करायचो, कारण दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत आणि मला शिव्या देऊ शकत असत. त्यांच्या पाठीला जखम झाली. सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरनं ती धुवायची कशी ते दाखवलं. मी रोज धुतली, रोज कोरडी केली, दोन-दोन तासांनी त्यांना वळवलं. जखम भरून आली. लोक म्हणायचे, काय हो सेवा, पोरगा असावा तर असा. मला आतून लाज वाटायची. कारण खरी गोष्ट अशी होती की मला ते काम आवडू लागलं होतं.

वडील गेले. तेरा दिवस झाले. चौदाव्या दिवशी मी पेटी उघडली आणि हिरव्या-लाल बांगड्यांसमोर पाहुण्यासारखा बसून राहिलो. गिऱ्हाईक आलं, भरून घेऊन गेलं. माझे हात मात्र दुसरंच काही शोधत होते.

त्याच हिवाळ्यात वाशीमला एका डॉक्टरांच्या घरी बोलावणं आलं. त्यांच्या बायकोला भावाच्या लग्नाला जायचं होतं. हात चांगला भरलेला आणि बाई भित्री, नुसती बांगडी दाखवली तरी डोळे मिटून घेत होती. डॉक्टर बाजूला खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. मी माझा प्रश्न विचारला, बाई माहेरची माणसं मोजू लागली, तोवर डझनभर बांगड्या मनगटात. डॉक्टरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"आता दुसरा हात भरा बघू. मला नीट पाहू द्या."

मी भरला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "माझ्या वॉर्डात पट्टी सोडवायची वेळ आली की मिशाळ गडी पलंगाखाली शिरतात. माझ्याकडे येता का?"

मला वाटलं थट्टा करताहेत. बोलण्याच्या ओघात मी वडिलांचं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पाठीची जखम भरली होती?"

"भरली होती."

"घरी? खाटेवर?"

"हो."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले की पुरुषांच्या वॉर्डाला शिकाऊ माणूस हवा आहे. दीड वर्ष शिकायचं, तोवर अर्धा पगार, राहायला दवाखान्याच्या आवारात खोली. नंतर कायम. माझं वय एक्केचाळीस आहे असं मी सांगितलं, तर त्यांनी माझे हात उलटे-सुलटे करून पाहिले. "हे काही म्हातारे दिसत नाहीत," म्हणाले.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं तेव्हा ती सुपात तुरी पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"काहून? दुकान चालून नाही राह्यलं का?"

"चालून राह्यलं."

"मंग सुख टोचून राह्यलं का तुमाले? अर्ध्या पगारात तीन तोंडं खातीन काय? माती?"

मी म्हटलं, दुकानाची जागा शिंप्याला भाड्यानं देऊ, दीड वर्ष ओढून काढू, पुढं सरकारी पगार, आजारीपाजारी पडलो तरी चिंता नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. आमची भांडणं अशीच व्हायची. मी मोठ्यानं बोलायचो आणि ती वाट पाहायची. मग ती सूप खाली ठेवून म्हणाली, "पैशाचं जाऊ द्या. दवाखान्यात रोज परक्या मुर्द्यायले हात लागाले लागले का कोणती सवाशीण तुमच्या पुढं हात करीन? पेटी मंग कायमची बंद. परत फिराले रस्ता नाही हा. अन् पोरीचा चुडा कोण भरन?"

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं, आणि मी ते बाजूला सारलं होतं. कुणी असं नेमक्या जागी बोट ठेवलं की मला राग येतो. "मीच भरीन!" मी ओरडलो. "माह्या पोरीचा चुडा मीच भरीन. कोण अडवते ते पाहतो!"

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आईला म्हणाली, "जाऊ दे ना माय त्यायले. आज्याचं आंग पुसता पुसता बाबा गाणं म्हणत होते. दुकानात कवा म्हटलं?"

बायकोनं सूप पुन्हा उचललं. "जा," शेवटी म्हणाली. "घर मी पाहतो. कसं पाहतो ते इचारू नका."

मी विचारलं नाही. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, त्यातल्या बहुतेक तोंड उघडल्यामुळं झाल्या. ही एक न उघडल्यामुळं झाली.

दवाखान्यात पहिल्या आठवड्यात मी दोनदा नोकरी सोडून निघालो. एकदा एका रोग्यानं "नर्सबाई, पाणी द्या" अशी हाक मारली आणि सगळा वॉर्ड खदखदला. दुसऱ्यांदा बाजारातला एक ओळखीचा व्यापारी भेटायला आला आणि म्हणाला, "बायकायले भरता भरता सोताच भरल्या का रे बांगड्या?" दोन्ही वेळा मी मोटारस्टँडपर्यंत गेलो. दोन्ही वेळा आठवण झाली की तीन नंबरच्या खाटेवरच्या बाबाजींची कूस बदलायची वेळ झाली आहे. परत आलो. बाबाजींनी विचारलं, कुठं गेलता? मी म्हटलं, तंबाखू आणायला. ते म्हणाले, मग द्या चिमूटभर.

मला शिकवणारी सिस्टर माझ्या निम्म्या वयाची होती. थर्मामीटर वाचायला माझे डोळे साथ देत नव्हते. ती तो माझ्या हातून घेऊन लांब धरायची आणि मी वाचायचो. औषधांची नावं मला बांगड्यांच्या नमुन्यांसारखी पाठ करावी लागली. ती रागावायची तेव्हा मला वडिलांची आठवण यायची, आणि ती कधी शाबासकी देत नसे तेव्हाही.

पहिली पट्टी मी एकट्यानं सोडवली ती एका शेतकऱ्याची. गाडीचं चाक पावलावरून गेलेलं, कापड जखमेला चिकटलेलं. हात लावायच्या आधीच त्यानं माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. मी कोमट पाणी सोडत राहिलो आणि कापडाचं टोक चिमट्यात आलं तसा सवयीनं प्रश्न तोंडातून गेला, "पाटील, घरी कोण कोण हाये?"

"दोन बैल हायेत," तो कण्हत म्हणाला. "एक मारका हाये, पण कामाले वाघ. अन् म्हैस हाये. अन् माय. अन् बायको..."

बायकोपर्यंत येताना पट्टी निघाली होती. शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, बायकोचा नंबर म्हशीच्या मागं का रे? सगळे हसले, तोही हसला. त्या दिवसापासून वॉर्डात मला कुणी नर्सबाई म्हटलं नाही. म्हटलं तर मलाच हसू यायचं.

आणि दोन महिन्यांनी ते झालं, ज्याचा बायकोनं इशारा दिला होता. तीन नंबरचे बाबाजी गेले. त्यांचं मागंपुढं कुणी नव्हतं. मी त्यांचे डोळे मिटले, हनुवटीखालून पट्टी बांधली, अंग पुसलं. मनात सारखं येत होतं की आता हातातून काहीतरी निघून जाईल, आजोबांपासून आलेलं. हाताला काहीच झालं नाही. नळाखाली धरला, ओला झाला, वाळला. मग मी मागच्या व्हरांड्यात जाऊन वडिलांसाठी रडलो. ते गेले तेव्हा माणसांच्या गर्दीत रडायचं राहून गेलं होतं.

महिन्यातून एकदा सर्व्हिस मोटारीनं मी कारंजाला जायचो. कणगीत ज्वारी दिसायची, ताटात वरण असायचं, बायकोच्या लुगड्याला ठिगळ असायचं पण ते आधीही असायचं. "पापड लाटतो मी लोकायचे," ती म्हणायची, आणि मी मान हलवायचो. मुलगी मात्र बदलली होती. मी दारातून "सव्वादोन!" म्हणालो की ती हसायची, पण हात वर करायची नाही. हात कधी पिठात असायचे, कधी पदराखाली. वाढायलाही आईच यायची. पोरगी मोठी झाली, बापाला लाजायला लागली, असं मी मनाशी ठरवून टाकलं. वॉर्डात मी रोज चाळीस माणसांना जीभ दाखवा, हात दाखवा म्हणत होतो. घरी ते सुचलं नाही.

दीड वर्ष संपायला आलं तेव्हा मंगरूळपीरहून तिला मागणी आली. भांड्यांचं दुकान, आपलेच लोक, मुलगा सरळ. सगळं ठरलं, सुपारी फुटली आणि मग विहीणबाईंनी घसा साफ केला. बाई अंगानं भरलेल्या, आवाज पितळी हंड्यासारखा. हात पावणेतीनचा.

"इवाई, तुमचं काम पुन्याचं हाये, आमी नाही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण चुडा दुसऱ्याच्या हातून भरा. मुर्दे उचलले ते हात नव्या सवाष्णीच्या चुड्याले नको. आमच्या इकडचे मण्यार हायेत, त्यायले आमी पाठवतो."

आता खरं बोलायचं तर त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं. पंचवीस वर्षं मी हाच नेम पाळला होता. पण भर बैठकीत ते ऐकताना माझ्या कानशिलात जाळ झाला. विनवणी करावी, समजूत घालावी, एखादा दिवस मधे जाऊ द्यावा, यातलं काहीच मी केलं नाही. "बोलवा खुशाल!" म्हणालो आणि उठून बाहेर गेलो. अंगणातल्या दगडापर्यंत पोचायच्या आत मला कळलं की मी काय घालवलं.  मुलगी फक्त म्हणाली, "राहू द्या बाबा," आणि पदरात हात गुंडाळून आत गेली.

चार दिवसांनी निंबाखालच्या चाचांचा निरोप आला. त्यांनाच बोलावणं गेलं होतं. 'कासारभाऊ, तुमी नाही म्हणाल तर मी बिमार पडतो.' मी उलट कळवलं, या. माझा हात नसेल तर तुमचा असू द्या.

पूर्ण पगार त्याच महिन्यात सुरू झाला होता. तो घेऊन मी चुड्याच्या बांगड्या आणायला गेलो. हाताला बंदी होती, डोळ्यांना आणि कानांना नव्हती. एकेक बांगडी मी दुसरीवर हलकेच वाजवून पाहिली, कारण तडा असला की काच बद्द वाजते. हिरवा रंग उन्हात धरून पाहिला. दुकानदार कंटाळून गेला. माप विचारायची त्याला गरज पडली नाही, मीच आधी सांगितलं, सव्वादोन. इतक्या देखण्या बांगड्या मी धंद्यातही कधी निवडल्या नव्हत्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी घरासमोरच्या मांडवात चुडा भरायला बसले. मुलगी पाटावर, हळदीनं पिवळी, समोर चाचा पेटी उघडून. भोवती दोन्हीकडच्या बायका. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो, कुणी जवळ बोलावलं नव्हतं आणि लांब मला जाववत नव्हतं.

मी आणलेल्यांतली पहिली बांगडी हाडाशी आली आणि मोडली. "वाढली," चाचा म्हणाले. दुसरी वाढली. त्यांनी साबणाचं पाणी मागवलं. माझ्याकडं एकदा पाहिलं. मला वाटलं म्हाताऱ्याचा हात थकला. तिसऱ्या वेळी त्यांनी जरा दाबली, काच कडकन तुटली आणि तिचा टवका मुलीच्या अंगठ्याच्या बुडाशी शिरला. हळदीवर रक्त आलं.   "अवं माय, चुड्यात रक्त," कुणीतरी पुटपुटलं. विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. बायकोनं पदराचा बोळा तोंडात धरला.

माझी पट्ट्यांची पिशवी घरात खुंटीला होती. ती घेऊन मी तिच्यासमोर येऊन बसलो. मला कुणी अडवलं नाही. रक्त थांबवायचं होतं. चिमट्यानं टवका काढला, जखम धुतली, टिंक्चर लावलं. तिचा हात माझ्या हातात होता. दीड वर्षात पहिल्यांदा.

आणि माझ्या बोटांना ते कळलं. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात घट्टा होता, जुना, पिवळा, बोटानं दाबला तर दबत नव्हता. अंगठ्याचं हाड जाड झालं होतं. तळवा रुंद झाला होता. असे हात मी पंचवीस वर्षं ओळखत होतो. असा घट्टा जात्याचा खुंटा धरून पडतो, आणि घरापुरतं दळून पडत नाही. पायली-पायली डाळ भरडावी लागते, रोज. हा हात अडीचचा होता. लग्नाच्या चुड्यासाठी मी निवडून निवडून सव्वादोनच्या बांगड्या आणल्या होत्या. त्या ज्या मुलीच्या होत्या ती माझ्या पाठीमागं केव्हाच मोठी होऊन गेली होती.

"कवापासून?" मी हळूच विचारलं.

"तुमी गेले तवापासून," तीही तितक्याच हळू म्हणाली. "बाजारातल्या शेठच्या घरची दाळ. एक हात मायचा, एक हात माहा."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी वापस आले असते."

आलो असतो. त्याच दिवशी, थर्मामीटर तसाच टाकून, आरडाओरडा करत आलो असतो आणि पेटी उघडून बसलो असतो. हे तिला ठाऊक होतं, तिच्या आईला ठाऊक होतं. म्हणून दोघींनी मिळून माझी नर्सगिरी जात्यावर भरडून काढली होती आणि मला पापडाचं सांगितलं होतं. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही, आणि इतकं प्रेमही कुणाबद्दल वाटलं नाही. मी तिच्या अंगठ्याच्या बुडाशी पट्टी बांधली. 

चाचांनी आपली पेटी माझ्याकडं सरकवली. "अडीचच्या हायेत माह्यापाशी, हिरव्याच हायेत," ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पन आता या हाताले जखम हाये. जखमेवरून बांगडी न्यायची म्हंजे दवाखान्याचं काम. ते आपल्याले येत नाही भाऊ. तुमीच भरा."

सगळे विहीणबाईंकडं पाहू लागले. त्यांनी मुलीच्या पट्टीकडं पाहिलं, मग त्या घट्ट्याकडं. त्यांनाही तो ओळखता येत असणार. भांडी घासून का होईना, त्यांचेही हात कामाचे होते. त्या जोरात म्हणाल्या, "चला वं बायांनो, चहाचं पाहा अंदर. मी इकडं काई पाहून नाही राह्यली." आणि मांडवाकडं पाठ करून त्या दाराच्या उंबऱ्यावर बसल्या, आत न जाता.

मी अडीचची बांगडी घेतली. सवयीनं दुसरीवर वाजवून पाहिली. मुलीचा हात दुखण्यानं ताठ झाला होता, अंगठ्याचं हाड उभं राहिलं होतं. मी तिची बोटं एकत्र केली, अंगठा आत घेतला, पट्टीला धक्का न लावता बांगडी हाडापर्यंत आणली. पुढं जाईना. वडील गेल्यापासूनच्या सगळ्या दिवसांतून वाट काढत तो प्रश्न आपोआप ओठावर आला.

"माहेरी कोण कोण हाये, बाई?"

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. हे घर उद्यापासून तिचं माहेर होणार होतं. आजवर तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"माय हाये," ती म्हणाली. "आज्याची खाट हाये." मग उंबऱ्यावरच्या पाठीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अन् बाप हाये. नर्स हाये माहा बाप. वाशीमच्या दवाखान्यात."

या प्रश्नाचं उत्तर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी ऐकत होतो. बांगडी केव्हा मनगटात गेली, ते मला कळलं नाही.